दिवटीची वाट

देवराईतल्या पाषाणावरून दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी गळल्या.

ओझरवण्यातली कौल घेण्याची रीत सोपी होती, आणि म्हणूनच तिच्यातून पळवाट नव्हती. राखणदेवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि थांबायचे. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. मधले काही आजवर कधी आले नव्हते. या पंधरवड्यात ते दुसऱ्यांदा आले होते.

गाऱ्हाणे घालणारे दिगंबर राऊळ हात जोडून तसेच उभे राहिले. त्यांच्या मागे जमलेल्या माणसांच्या तोंडातले "होय म्हाराजा" अर्धवट विरले होते. सगळ्यांच्या मागे, बाकीच्यांसारखीच अनवाणी, त्यांची मुलगी ओवी उभी होती. देवाला विचारलेला प्रश्न तिचाच होता: राईतली दिवटीची रोपे मुळासकट उचलून बाहेर न्यावीत का?

ओवीने वर पाहिले. गेल्या वर्षी इथला जुना बेहडा उभ्याउभ्या वाळला आणि एका वाऱ्यात आडवा झाला. त्याच्या जागी आता आभाळाचा एक तुकडा होता. त्यातून उतरलेले ऊन थेट पाषाणावर पडले होते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या केवळ हिरवा काळोख होता, तिथे देवाच्या अंगावर ऊन. एरवी पाषाणाची एक बाजू ओली राही, दुसरी लवकर सुके, आणि त्या फरकातून देव बोले. आता दोन्ही बाजू सारख्याच तापत होत्या. ओवीला हे समजले, पण ते उच्चारायचे धैर्य तिला झाले नाही.

सरपंच नयना गवस यांनीच ती शांतता मोडली. "दिगूदादा, देवाचांय आता आमच्या ग्रामसभेसारखांच झालां. हात वरय नाय आणि खालीय नाय."

कोणीतरी हसले.

"कौल लागलो नाय," दिगंबर, म्हणजे ओवीचे आबा, शांतपणे म्हणाले. "शुक्रवारी पालखी भायर काढताना परत बघूया."

ओवी जिथे काम करी त्या वनस्पती-संस्थेची गाडीही शुक्रवारीच येणार आहे, याची तिने त्यांना आठवण करून दिली. आबांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे तिला आयुष्यात कधीच ओळखता आले नव्हते.

*

दिवटी ही हळदीच्या कुळातली, गुडघ्याएवढी वाढणारी वनस्पती. पाने रुंद आणि सावलीसारखीच गडद. पावसाळ्याच्या मध्यावर तिचे फूल पानांच्या वर येत नाही, तर थेट मातीतून, खोडाच्या पायाशी उमलते. फिकट पिवळे, एकटे. कोणी जमिनीत दिवा पुरून ठेवावा आणि त्याची ज्योत तेवढी बाहेर राहावी, तसे. ओझरवण्याच्या राईबाहेर ती कोणी पाहिलेली नव्हती.

जंगल म्हणजे उंच झाडे, असे आपण समजतो. पण उंच झाडे हे जंगलाचे छप्पर असते, आणि त्या छपराखाली एक वेगळे हवामान नांदत असते. बाहेर वर्षे तापत जातात; आत, पानांच्या अनेक थरांखाली, गारवा आणि ओल रेंगाळत राहतात. तळाशी वाढणारी झुडपे अशी कितीतरी वर्षे कालच्या हवेत जगतात. जग बदलले आहे ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. मग एखादा बेहडा कोसळतो आणि ती वार्ता एका दुपारीत पोहोचते.

प्रत्येक वनस्पतीला मानवणारा उष्णतेचा आणि ओलाव्याचा एक पट्टा असतो, आणि पृथ्वी तापू लागल्यापासून हे पट्टे डोंगर चढत होते. उंच झाडांच्या बिया वारा नेतो, धनेश पक्षी नेतो. दिवटीचे बी मुंगी नेते. बीच्या टोकाला पांढरी, तेलकट टोपी असते. मुंगी ते बी वारुळाच्या दारापर्यंत ओढते, टोपी खाते आणि बी टाकून देते. वर्षाकाठी चार-दोन हातांचा प्रवास, आणि तोही वर की खाली हे मुंगीच्या मर्जीवर. दिवटीची हवा घाट चढून कधीच सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, पोहोचली होती. दिवटी मात्र पायथ्याशी मुंगीची वाट पाहत होती. येत्या उन्हाळ्यानंतर राईतले कंद पुन्हा फुटणार नाहीत, असे संस्थेचे गणित सांगत होते.

त्यासाठी संस्थेने घाटापलीकडच्या पठारावर छायागृह बांधले होते. काचेची ती प्रचंड इमारत यंत्रांनी गार ठेवली जाई, धुकेही यंत्रेच पसरत. ज्यांना बाहेर भविष्य उरले नव्हते अशा वनस्पती तिथे ओळीने ठेवल्या होत्या. संस्थेचे प्रमुख मोघे यांनी ओझरवण्याचे काम ओवीकडे सोपवले, कारण ती तिथली होती. राईचे दार तिच्यासाठी उघडेल, असा त्यांचा हिशेब होता. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. कौल लागला नाही हे ऐकून ते म्हणाले, की शुक्रवारी लोक येण्याआधी पाच-सहा कंद पिशवीत घालून आणायला फारसा वेळ लागत नाही.

"देवाला समजेल ते, ओवी. आणि नाही समजलं, तर तुझे वडील समजून घेतील."

ओवीने फोन ठेवला. तिच्या पिशवीत खुरपे होतेच.

पण या राईतून काहीही बाहेर जात नसे; ना लाकूड, ना फळ, ना वाळके पान. ती लहान असताना एकदा राईतले एक पान तिच्या वेणीत अडकून घरी आले होते. आईने ते कंगव्याने सोडवले, ओंजळीत धरले आणि भरल्या दुपारी परत राईत नेऊन ठेवले. पानाला वजन असते, हे ओवीला त्या दिवशी प्रथम कळले.

*

कामाच्या शिस्तीप्रमाणे तुलनेसाठी तिला अशी माती हवी होती, जिथे दिवटी कधीच उगवली नाही. म्हणून बुधवारीच ती डांबरी रस्त्याने गाडी घेऊन सड्यावर गेली. तिथे माउलीचे छोटे देऊळ होते. माउली म्हणजे राखणदेवाची बहीण. भाद्रपदात वर्षातून एकदा देव पालखीत बसून बहिणीला भेटायला डोंगर चढे. भोई अनवाणी चालत आणि देवळात शिरण्यापूर्वी शेजारच्या झऱ्यावर पाय धूत. त्या झऱ्याला सगळे पायधूण म्हणत. रस्ता झाल्यापासून पालखी सजवलेल्या टेम्पोतून येई, आणि आताशा कोणी न येणाऱ्या पायधुणीवर नेच्यांनी आणि अंजनीच्या झुडपांनी आपले राज्य मांडले होते.

ओवीने चिमूटभर माती कुळवाचकात टाकली.

पानाच्या डब्याएवढे हे यंत्र आले आणि रानाकडे पाहण्याची नजरच पालटली. प्रत्येक सजीव आपल्या अस्तित्वाची सूक्ष्म खूण मातीत सांडत असतो. मुळाची एक पेशी, परागाचा एक कण, आणि त्यात त्याचा सगळा डीएनए. जुन्या यंत्रांना त्यातून एवढेच कळे, की इथे अमुक जातीचे झाड होते. कुळवाचक त्यापुढे जाई. ते झाड कोणाचे मूल, त्याची आजी कुठे उभी होती, मातीच्या कोणत्या थरात म्हणजे कोणत्या काळात ते जगले, हे तो सांगे. रानाला नाती असतात हे कवींना ठाऊक होते. आता ती वाचता येऊ लागली होती.

पडद्यावर अक्षरे उमटली: दिवटी.

यंत्र नीट पुसले गेले नसेल, असे तिला वाटले. तिने ते धुतले, सुकवले, दुसरीकडची माती घातली. पुन्हा दिवटी. मग तिने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी नेचे बाजूला केले.

जांभळीच्या सावलीत, झऱ्याच्या ओल्या काठाला धरून, रुंद गडद पाने उभी होती. एकीच्या पायाशी उशिराचे एक फूल अजून जळत होते.

 ओवीने एकेका रोपाच्या पानाचा कण आणि खालच्या मातीचा एकेक थर यंत्राला दिला, आणि पडद्यावर हिरव्या रेषा उमटू लागल्या. प्रत्येक रेष डोंगर उतरून खाली जात होती. या रोपाची आजी राईत, पाषाणाच्या मागे. त्या रोपाची पणजी राईत, ओहळाच्या वळणावर. मातीचा थर जितका खोल, तितक्या रेषा जुन्या. देवळाच्या घडीव दगडांहूनही जुन्या. मुंगीला इतकी उंची चढायला युगे लागली असती. वारा हे बी उचलत नाही. पक्षी त्याच्याकडे पाहत नाही. तरीही कोणीतरी ते वर्षामागून वर्षे, न चुकता, एकाच वाटेने वर आणले होते.

तिने गाडी तिथेच ठेवली आणि ती पालखीची जुनी पायवाट उतरू लागली. पालखी जिथे खांदा बदलण्यासाठी थांबे, त्या प्रत्येक विसाव्यावर तिने माती घेतली. पहिला विसावा: दिवटी. दुसरा विसावा: दिवटी, आता नाही, पण एके काळी होती. तिसऱ्यावर तर कारवीच्या आडोशाला दोन रोपे प्रत्यक्षच उभी होती, कोणीतरी वाटेवर टेकलेल्या सोबत्यांसारखी. राईतल्या चिखलात उभे राहून भोई पालखी उचलत; भाद्रपदात नेमक्या त्याच चिखलात दिवटीचे बी सांडलेले असे; आणि पाय धुवायचे ते थेट वर, पायधुणीवर. डोंगराएवढे हे साधे सत्य पायांखालून गेले होते आणि कोणी खाली पाहिले नव्हते. खांद्यावर देव होता आणि तळव्याला रान. कोण कोणाला भेटायला चालले होते, हे आता कोण सांगणार?

डोंगर संपता संपता तिने पडद्याकडे पुन्हा पाहिले, आणि मघाच्या आनंदात तिला जे दिसले नव्हते ते दिसले. मातीच्या सगळ्यांत वरच्या थरात खालून आलेली एकही रेष नव्हती. वरची कोवळी रोपे एकमेकांचीच मुले होती. रेषा स्वतःभोवती वळत, आखडत चालल्या होत्या. नवे बी आले नाही तर काही पिढ्यांत ही वसाहत आतूनच विझणार होती. काहीतरी थांबले होते, आणि ते नेमके केव्हा थांबले हे यंत्र स्वच्छ सांगत होते. आई गेली त्या वर्षी.

वाट राईच्या दाराशी येऊन संपली. तिथे सिमेंटचा ओटा होता, त्यावर पितळी नळ, आणि वर संगमरवरी पाटी: कै. वैजयंती दिगंबर राऊळ हिच्या स्मरणार्थ.

आबांनी तो स्वतः बांधला होता. राईतले पान बाहेर जात नाही, मग पायांची माती का जावी, असे त्यांनी तेव्हा गावाला विचारले होते; ती मातीही देवाचीच. पिढ्यान्‌पिढ्या आपण नकळत चोरी करत आलो. यापुढे ज्याने त्याने इथे पाय धुवावेत आणि मगच बाहेर पडावे. गावाने माना डोलावल्या होत्या. आबांइतका नेमाचा माणूस नाही, असे लोक अजून म्हणत.

ओवी नळाजवळ उभी राहिली. तोटीच्या टोकाला एक थेंब धरला होता. तो पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

*

गुरुवारी संध्याकाळी आबा पडवीत पालखीच्या दांडीला तेल लावत बसले होते. त्यांना अर्धेच सांगायचे, असे ठरवून ओवी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"वर दिवटी आसा, आबा. पायधुणीकडे."

त्यांचा हात थांबला. "कोणी लावल्यान?"

"कोणीच नाय. पायांनी नेली. तुमच्या, आज्याच्या, तेच्या बापाशीच्या."

तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. हिरव्या रेषांच्या त्या जाळ्याकडे ते फार वेळ पाहत राहिले. आपली रेष कोणती, असे त्यांनी विचारले. यंत्राला झाडाचे कूळ कळते, पायाचे नाही, असे तिने सांगितले. पण जांभळीखालचे एक रोप कोणत्या वर्षीच्या बीचे हे त्याला ठाऊक होते. ते तिच्या जन्माचे वर्ष होते.

"त्या वर्षी पुढचो खांदो माझो होतो," आबा म्हणाले. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला आणि एका बोटाने ती रेष खालून वर, हलकेच, गिरवली. देवाच्या अंगाला गंध लावताना त्यांचे बोट असेच चाले.

मग त्यांनी विचारले, "आणि मगे थांबली कित्याक?"

"रस्तो झालो," ओवी म्हणाली. "टेम्पो इलो."

आबा पुन्हा दांडीला तेल लावू लागले. पडवीच्या कडेला अंधार साचत होता. काही वेळाने ते, जणू स्वतःशीच, म्हणाले, "टेम्पोत चढले तरी पायांक चिखल लागतलोच."

ओवीने पडदा विझवला.

"नळ," आबा म्हणाले.

 मग आबांचा आवाज आणखी खाली आला. "तुझ्या आवशीन तां पान परत नेऊन ठेवल्यान ना, वेणयेतलां. तां बघून माका वाटलां..." 

"आयेचां चुकूक नाय, आबा. तुमचांय नाय."

ते ऐकल्यासारखे त्यांनी दाखवले नाही. पायधुणीच्या वर काय आहे, हे बापलेकीत त्यांनाच अधिक चांगले ठाऊक होते, तरी त्यांनी विचारले, "उद्या हवा आणखी वर गेली, तर ती थंयसून खंय जातली? वर आभाळच आसा."

  शंभर वर्षे तरी मिळतील, एवढेच ओवी म्हणू शकली, तेही खालून नवे बी जात राहिले तर.

"आणि तुझ्या काचेच्या घरात?"

"वीज आसा तवर."

आबा हसले. आई गेल्यापासून असे हसताना तिने त्यांना पाहिले नव्हते, आणि त्या हसण्याने तिला धीर आला की भीती वाटली, हे तिला सांगता आले नसते.

*

शुक्रवारी ऊन पाषाणावर उतरण्याआधीच गाव जमले. राईच्या दाराशी झेंडूच्या माळांनी मढवलेला टेम्पो उभा होता, आणि त्याच्यामागे संस्थेची बंद, गार गाडी. तिचा चालक पायरीवर बसून हे सगळे नवलाने पाहत होता. मोघे यांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. ओवीच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत खुरपे होते. पहाटे ती एकटीच राईत जाऊन दिवटीच्या ताटव्यापाशी बसून आली होती, आणि हात न लावता परतली होती.

आबांनी गाऱ्हाणे घातले. या वेळी ते लांब होते. त्यात पूर्वजांची नावे आली, विसाव्यांची आली, पायधुणीचे आले, आणि प्रत्येक नावावर गावाने "होय म्हाराजा" म्हटले. पाकळ्या मात्र त्यांनी पाषाणाला लावल्या नाहीत. त्या तबकात तशाच राहिल्या. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. आबा पालखीच्या पुढच्या दांडीपाशी गेले. नेहमीच्या जागी न थांबता ते दोन पावले बाजूला सरले आणि ओहळाकाठच्या आणखी दाट चिखलात, दिवटीच्या पानांखाली, उभे राहिले. घोट्यापर्यंत. मग या वयात ज्याचा कोणी आग्रह धरला नसता, तो पुढचा खांदा त्यांनी दिला.

पालखी उठली. ढोल वाजू लागले.

नयनाताईंनी दाराशी नळ सोडून ठेवला होता. "चला, पाय पुढे करा रे. दिगूदादा, पयलो मान तुमचो."

आबा ओट्यापाशी थांबले. पाणी जोरात पडत होते. त्याचे शिंतोडे संगमरवरी पाटीवर उडत होते. ओवी पुढे झाली. तिच्या मागे गाडीच्या यंत्राची बारीक घरघर चालू होती. तिला जे विचारायचे होते ते तिने हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले.

"आबा, कौल काय समजाचो? गाडयेक काय सांगू?"

आबांनी तिच्याकडे पाहिले. मग पाटीवरच्या नावाकडे. मोकळा हात पुढे करून त्यांनी नळाची तोटी हलकेच फिरवली, निजलेल्या माणसाच्या खोलीचे दार ओढून घ्यावे तशी. पाणी थांबले. ढोलही, का कोण जाणे, थांबले. टेम्पोच्या चालकाने फळी खाली पाडली होती. आबा तिच्या बाजूने पुढे गेले. मागचे भोई एकमेकांकडे बघत राहिले, पण दांडी त्यांच्याही खांद्यावर होती, आणि दांडी चालू लागली होती. डांबरी रस्ता ओलांडताना काळ्या डांबरावर आबांचा पहिला ठसा उमटला, ओला आणि तांबडा; मग दुसरा. तिसरा गवतात पडला. तिथून जुनी वाट वर चढत होती, आणि दिगंबर राऊळ मागे वळून न पाहता ती चढू लागले.